डावीकडची पाकळी

डावीकडची पाकळी पडली तेव्हा मी गावदेवीच्या देवळाबाहेर पायाचा चिखल धूत होतो. आत आई हात जोडून बसली होती. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवली होती. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे कौल लावायची रीत अशी की विचारणाऱ्याने प्रश्न मनातच ठेवायचा. गुरव फक्त एवढंच म्हणतो, "माय, हिच्या मनात काय हाय ते तुला ठावं. तूच सांग." आणि ज्या कामासाठी कौल लावला ते काम पुरतं तडीस जाईपर्यंत प्रश्न कुणापुढे उघड करायचा नाही. मला मात्र तो विचारायची गरजच वाटली नाही. मी समुद्रावर निघालो होतो आणि आई शेतातून तशीच तडक देवीकडे आली होती. अशा वेळी कुठलीही आई काय विचारणार? याने जावं का, हेच. आणि देवी नाही म्हणाली होती, माझ्या डोळ्यांदेखत.

मी काय काम करतो ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या गावातही ते निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. पळसदरीच्या धरणात पोहायला शिकलेला भातशेतीवाल्याचा मुलगा सॅल्व्हेजच्या टगवर सारंग आहे, म्हणजे डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा मुकादम. समुद्रात एखादं जहाज बंद पडलं, खडकाकडे वाहत निघालं, त्यात पाणी शिरलं, की आमचा टग, म्हणजे दणकट ओढबोट, जातो आणि त्याला दोर बांधून ओढून आणतो. जहाज वाचलं तरच आमच्या मालकाला मोबदला, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली होती, "मंग यात नवीन काय? नवसासारखंच की. काम झालं तरच फेडायचा." मी पाठवलेला जहाजाच्या नांगराचा पहिला फोटो पाहूनही तिने डोक्याला हात लावला होता. "आपला नांगर जमीन फोडतो आन तुमचा जमीन धरून बसतो. उलट्या गावचे लोक तुमी!" आईचं तोंड असं सतत चालू असतं. तिने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही किनाऱ्यावरून, आणि तेव्हा पहिला शेरा मारला होता की एवढं पाणी आणि एक ढेकूळ भिजवायच्या कामाचं नाही.

त्या आषाढात मी आवणीसाठी रजा काढून घरी आलो होतो. गुडघाभर चिखलात हातात रोपांची मूठ घेऊन उभा असतानाच आमच्या टगच्या कॅप्टनचा फोन आला. एक मालवाहू जहाज. इंजिनाच्या खोलीत पाणी, सगळी वीज बंद, माणसं जहाजावरच, आणि वारा त्यांना खडकाळ किनाऱ्याकडे ढकलत होता. ढग एवढे खाली आले होते की हेलिकॉप्टर पाठवणं शक्य नव्हतं. दुसरा सारंग तापाने पडला होता. "रजा नंतर घे," कॅप्टन म्हणाले. "खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी पाठवतोय." मी हातातली मूठ बांधावर ठेवली. शेजारच्या ओळीत वाकलेल्या आईने सगळं ऐकलं होतं. ती कंबर सरळ करून देवळाच्या दिशेने चालायला लागली.

पाकळी पडल्यावर गुरवाने मान खाली घातली. आईने देवीपुढे डोकं टेकवलं. मग उठली, बाहेर आली, माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "जा." बस्स, एवढंच. जी बाई मी नेरळच्या बाजारात निघालो तरी दहा सूचना करते, ती समुद्रावर निघालेल्या मुलाला एक शब्द बोलून वाटेला लावते? मला वाटलं, देवीचा नकार ती माझ्यापासून लपवतेय. मलाही विचारायचा धीर झाला नाही, आणि रीत म्हणून विचारायचंही नव्हतं. चुलतभावाच्या टेंपोत बसलो तेव्हा मागे वळून पाहिलं. ती देवळाच्या पायरीवर उभी होती आणि तिचे चिखलाने भरलेले दोन्ही हात लोंबत होते, धरलेलं काहीतरी नुकतंच हातातून सुटल्यासारखे.

टेंपो खालापूरला पोहोचेपर्यंत मी स्वतःशीच भांडत होतो. देवीला मानायचं तर मागे फिरायला हवं होतं. मागे फिरलो तर त्या जहाजावरच्या माणसांचं काय? आणि मागे फिरायचं नसेल तर इतकी वर्षं तिच्यापुढे नाक घासलं ते काय होतं? मी काही मोठा भक्त नव्हे. नवरात्रात उपास धरतो आणि तिसऱ्या दिवशी वडापाव दिसला की डळमळतो. पण लहानपणापासून जी एक गोष्ट पक्की मानत आलो होतो ती ही, की गावदेवीचा कौल खोटा ठरत नाही. टोलनाक्यापाशी कंपनीची गाडी उभी होती. तिचं दार उघडून मी आत बसलो. श्रद्धेने बसलो नाही आणि धैर्यानेही नाही. कामाचा फोन आला की पाय आपोआप चालू लागतात, तसा बसलो.

त्या जहाजापाशी आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताना पोहोचलो. बंद पडलेलं जहाज ज्याने पाहिलं नाही त्याला ते कसं सांगू? चालतं जहाज हा एक आवाज असतो. इंजिनाची घरघर, पंख्यांची भणभण, भांड्यांची खडखड, पायाखाली सतत चाललेली बारीक थरथर. हे सगळं थांबलेलं होतं. गावातल्या सगळ्या घरांहून उंच अशी ती लोखंडाची भिंत लाटांवर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलंडत होती, आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं. माणसाने केलेली एवढी अवाढव्य वस्तू आणि तिचा जीव असा एका क्षणात निघून गेलेला! कठड्याला धरून उभी असलेली तिची माणसं आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी फक्त गाभाऱ्यापुढच्या रांगेत पाहिली आहे. मला लाज वाटली. ते आमच्यात काय बघत होते, आणि मी काय मनात घेऊन तिथे आलो होतो!

लाट टगला वर उचलते त्या क्षणी दोराची शिडी पकडायची असते. इब्राहिमभाई आणि मी चढलो. इब्राहिमभाई आमच्या टगवरचे जुने खलाशी, कोकण किनाऱ्यावरचे, निम्मं आयुष्य पाण्यावर काढलेले. वीज नाही म्हणजे जहाजावरचं एकही यंत्र चालत नाही. टगचा जाडजूड दोर आम्ही त्या परदेशी खलाशांबरोबर हातांनीच ओढून वर घेतला. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला. पण दोर ओढताना जे 'हो' निघतं ते सगळ्यांचं सारखंच असतं. दोर बांधला, टगने हळूहळू ताण घेतला, जहाजाचं तोंड वळू लागलं. आमच्यातला एकजण हसलासुद्धा. तेवढ्यात एक मोठी लाट टग आणि जहाजाच्या मधून गेली, दोर एकदम ताठ झाला आणि तुटला. असा दोर तुटतो तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. आम्ही सगळे आडवे पडलो म्हणून वाचलो. डोकं वर काढलं तेव्हा टग दूर गेला होता, आणि किनाऱ्याच्या बाजूला खडकांवर फुटणारं पांढरं पाणी मला पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

दुसरा दोर काढून टग परत येईपर्यंत जहाज खडकावर गेलं असतं. उपाय एकच होता, नांगर टाकायचा आणि थोडा वेळ मिळवायचा. जहाजाला दोन नांगर असतात. त्यातला एक त्या लोकांनी आदल्या दिवशीच टाकून पाहिला होता आणि तो साखळी तोडून गेला होता. राहिलेल्या नांगराची साखळी सोडायची आणि अडवायची ती एका ब्रेकने, आणि तो ब्रेक एका मोठ्या लोखंडी चाकाने फिरवायचा. चाक गंजलं होतं. इब्राहिमभाईंनी हातोड्याने ठोकून ते मोकळं केलं. मी फिरवलं आणि नांगर धाडकन खाली गेला. साखळी धडधडत धावू लागली, आणि मी घाबरून ब्रेक आवळला. साखळी थांबली. जहाज मात्र थांबलं नाही. पायाखाली नांगर तळावर घसरत, उड्या मारत चालल्याचे धक्के जाणवत होते.

हे का होत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या खलाशांना मीच हे शिकवतो. साखळी आखूड असली की जहाज नांगराला वर उचलतं आणि तो कुठेच रुतत नाही. भरपूर सोडली की साखळी तळावर आडवी पडते, तिचं ओझं नांगराला खाली दाबून ठेवतं आणि मग तो पकड घेतो. पण त्या जहाजाचा ब्रेक झिजलेला होता, नुकताच आवळला तेव्हाही त्यातून धूर आला होता. पुन्हा सोडला आणि त्याने धरलंच नाही तर सगळी साखळी टोकासकट समुद्रात जाणार, आणि मग हातात काहीच उरणार नाही. वॉकीटॉकीवर कॅप्टन ओरडत होते, "अजून सोड!" मी चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होतो. हात उघडतच नव्हते. माझ्या नखांत अजून आमच्या शेतातला चिखल होता, त्याच्याकडे मी बघत होतो आणि डोळ्यांपुढे ती लाल पाकळी पुन्हा पुन्हा पडत होती. देवी नाही म्हणाली होती. मी ज्याला हात लावीन ते तुटणार, दोर तुटला तसंच. इब्राहिमभाईंनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सारंग, काय झालं?" मी चाक आणखी घट्ट धरलं.

तेव्हा मी देवीवर चिडलो. प्रार्थना केली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मी तिच्याशी भांडलो. मनात म्हणालो, मला नाही म्हणालीस ते म्हणालीस. मी आलो हा माझा गुन्हा असेल. पण यांचं काय? यांच्यासाठी कुणी कौल लावला नव्हता. यांना तुझं नावसुद्धा माहीत नाही. माझ्याच्याने हे धरवत नाही माय, आता तू धर. हे म्हणालो आणि चिडता चिडता मला रडू आलं. मग चाक उलटं फिरवलं आणि साखळी सोडली.

त्या साखळीचा आवाज माझ्या कानात अजून आहे. गंजाची लाल धूळ कुंकवासारखी उधळली, आमची तोंडं, कपडे, सगळं लाल झालं. ती थांबेल असं वाटेचना. शेवटी मी पुन्हा ब्रेक आवळला. धूर निघाला, जळका वास आला, साखळी कुरकुरत मंद झाली आणि थांबली. मग तळाकडून एकच धक्का आला. तो घसरण्याचा नव्हता. पूर्ण जहाजातून जड हुंकार गेल्यासारखं झालं, साखळी ताठ झाली, आणि ते प्रचंड धूड सावकाश वाऱ्याकडे तोंड करून वळलं. आणि उभं राहिलं. मागे खडकावर पाणी फुटत होतं, आमच्या अंगावर त्याचे तुषार येत होते, आणि आम्ही जागच्या जागी उभे होतो. इब्राहिमभाई डेकवरच गुडघ्यावर बसले. त्या परदेशी जहाजाचे वयस्क कप्तान टोपी काढून उभे राहिले. मी चाकाला टेकून नुसता त्या साखळीकडे बघत होतो. खाली काळ्या पाण्यात जाणारी ती साखळी पुढे कुणाच्या तरी हातात आहे, असं खुळ्यासारखं वाटत होतं.

टग परत आला, दुसरा दोर बांधला. वीज नसल्यामुळे नांगर वर घेणं शक्य नव्हतं, म्हणून साखळीच्या टोकाला खुणेचा तरंगता बोया बांधून ती तिथेच सोडून दिली आणि जहाज ओढत बंदराकडे नेलं. सगळी माणसं आपल्या पायांनी धक्क्यावर उतरली. नंतर आमच्या कॅप्टनने नकाशा उघडून मला दाखवला. "तिथे तळाला सपाट कातळ आहे," ते म्हणाले. "नांगर धरण्यासारखं काही नाहीच. साखळीच्या वजनाने धरलं असेल." असेलही. मी मान हलवली. घरी गेलो तेव्हा आईने डोळे भरून पाहिलं, जेवायला वाढलं, आणि कौलाबद्दल ना ती बोलली ना मी विचारलं. टाकलेला नांगर समुद्रातच होता, म्हणजे काम अजून तडीस गेलं नव्हतं. आणि मला मनातून एक भीतीही होती. देवी नाही म्हणाली असताना मी जिवंत परतलो, मग कौल खोटा का? हा प्रश्न मला त्या खडकांपेक्षा जड जात होता.

पावसाळा सरला, समुद्र निवळला, तेव्हा तो नांगर काढायला क्रेन बसवलेला, सपाट बोटीसारखा बार्ज गेला. मी कॅप्टनना मुद्दाम सांगून त्या कामावर गेलो. साखळी वर येत गेली, शेवटी नांगर पाण्याबाहेर आला, आणि त्याच्या फाळात अडकलेलं आणखी काहीतरी वर आलं. शिंपल्यांनी आणि खडूसारख्या थरांनी मढलेलं, वाकलेलं, पुरुषभर उंचीचं. तोही एक नांगरच होता. कुठल्या तरी जुन्या शिडाच्या गलबताचा असावा. त्याची एक भुजा मुळापाशी ताजी मोडली होती, म्हणजे तो कातळाच्या फटीत घट्ट बसलेला होता आणि आत्ता ओढताना सुटला. कुणी किती पिढ्यांपूर्वी गमावला असेल कुणास ठाऊक. एवढ्या मोठ्या समुद्रात, सपाट कातळावर, त्याच एका जागी. क्रेन थांबली. इब्राहिमभाईंनी दोन्ही तळवे आकाशाकडे धरले. मी पुढे होऊन त्या जुन्या नांगराला हात लावला आणि डोकं टेकवलं. नियमाप्रमाणे तो सरकारी कचेरीत जमा झाला. त्याने एवढ्या जहाजाला खरंच धरलं की साखळीच्या वजनाला नुसता हातभार लावला, हे मी सांगू शकत नाही. जे वर आलं ते पाहिलं, तेवढं लिहितो.

घरी आलो तेव्हा भात कापणीला आला होता. आई देवळाच्या ओट्यावर फुलं निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, चाकाला मिठी मारून उभा होतो तेही सांगितलं. जुन्या नांगराचं ऐकल्यावर तिने एक फूल उचलून हातातच धरलं. मग म्हणाली, "ज्याचा त्यो हरवला त्यानं त्या दिशी देवाला किती बोल लावला असंल रं!"

मी म्हणालो, "आई, आता नांगर निघाला. काम झालं. सांग आता. देवी नाही म्हणाली होती ना?"

"म्हणाली की."

"मग मला जाऊ कसं दिलंस?"

आईने हातातलं फूल परडीत ठेवलं. "तू जावं का, असं मी कंदी इचारलं? तू जाणारच व्हतास, ते काय मला ठावं नाय? मी इचारलं, माय, याला धरून ठेवू का? पाय धरीन, रडीन, जीव देते म्हणीन, पन याला सोडणार नाय. धरू का? तिनं डावी दिली. नको बोलली. मंग काय करू? सोडला तुला."

त्या टेंपोपासून त्या चाकापर्यंत ज्या नकाराचं ओझं मी वाहिलं होतं, तो मला नव्हताच. मी जहाजावर साखळी सोडली त्याच्या कितीतरी आधी, चिखलाने भरलेल्या हातांनी, आईने तिची साखळी सोडली होती. आणि मला वाटत होतं की तिथे धाडस मी केलं.

"आणि उजवी पडली असती तर?" मी विचारलं.

"तर तुला कोंडून घातला असता घरात. आन ती मानसं गेली असती." तिने गाभाऱ्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले. "मला तवा एकटा तूच दिसत व्हतास रं. तिला ती सगली दिसत व्हती."

आता मी पुन्हा टगवर असतो. निघताना आई पूर्वीसारख्याच दहा सूचना करते, अंगारा लावते, आणि मग हात मागे घेते. तो हात मागे घेणं मला आता दिसतं, पूर्वी दिसत नव्हतं. नांगर टाकायची वेळ आली की मी ब्रेकच्या चाकाला आधी नमस्कार करतो, इब्राहिमभाई हसतात. माझ्या हातात फक्त सोडणं आहे. खाली धरणारी देवी आहे, आणि ती कुणाकुणाला बघून धरते हे मला वरून दिसत नाही.